हलेना, फिरेना, सुटेना!

जुन्या मोटरसायकलच्या इंजिनावरचा ८ मिलिमीटरचा एक साधा बोल्ट घ्या. ८.८ ग्रेडचा, नीट आवळलेला. तो दोन भागांना किती जोराने दाबून धरतो? सुमारे दीड टन! आणि यात गंज, मीठ, जळकं तेल यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. अशा बोल्टांची आख्खी फौज एका इंजिनावर बसलेली असते. त्यातले काही तर कारखान्यातून निघाल्यापासून जागचे हललेले नसतात.

बुलेट, येझदी, राजदूत, आरएक्स हंड्रेड... वडिलांची किंवा काकांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायला निघालेल्याची पहिली गाठ पिस्टनशी पडत नाही, जाम झालेल्या नटाशी पडते. भोवती जमलेले लोक दोनच सल्ले देतात. एक, अजून जोर लाव. दुसरा, ग्राइंडर आण. दोन्ही सल्ले इंजिनाच्या मुळावर येणारे आहेत. जाम नटाला कोणी धरून ठेवलंय, हे आधी शोधायचं. गंजाने? पांढऱ्या क्षाराने? चुकीच्या पान्याने? की आपणच उलट्या दिशेने फिरवतोय? उत्तर मिळालं की अर्धा नट सुटला. या शोधात इतकी मजेदार माहिती हाती लागते, की हात काळे झाल्याचं काही वाटत नाही.

बोल्टभोवतीचा घाट

आटे म्हणजे बोल्टभोवती गुंडाळलेला घाटरस्ता. थेट डोंगर चढण्याऐवजी वळणावळणाने, थोड्या चढाने वर जायचं. ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टवर नट एक पूर्ण फेरा घेतो तेव्हा फक्त सव्वा मिलिमीटर पुढे सरकतो. हा चढ जेमतेम ३ अंशांचा! चढ इतका कमी असल्यामुळेच घर्षण नटाला जागेवर धरून ठेवतं, तो आपोआप घसरून खाली येत नाही.

त्याहून गमतीची गोष्ट अशी. पान्यावर लावलेल्या जोरापैकी बोल्ट खरोखर ताणण्यासाठी उपयोगी पडतो तो सुमारे दहावा हिस्सा. जवळपास निम्मा जोर नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, आणि बाकीचा आट्यांमधल्या घर्षणात. त्यामुळेच बुडाखाली साठलेली माती, रंग आणि गंज तारेच्या ब्रशने साफ करणं हे कामातलं पहिलं पाऊल आहे. तेल त्यानंतर. घाणीवर तेल ओतलं तर चिखल होतो.

आणखी एक. सोडवताना चढ आपल्या बाजूने असतो, म्हणून निरोगी नट सोडायला आवळण्यापेक्षा थोडा कमीच जोर लागतो. जास्त लागतोय, तर तो जादा विरोध गंजाचा आहे असं खुशाल समजा.

तांबडी पूड, पांढरी पूड

लोखंड गंजलं की फुगतं. तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीच्या आसपास जागा मागतो, पाणी धरून बसलेला गंज त्याहूनही जास्त. आट्यांमधली फट मात्र केसापेक्षा बारीक. फुगलेला गंज तिथे पाचरीसारखा ठासून बसतो.

इंजिनाचं क्रँककेस मात्र ॲल्युमिनियमचं. त्यात पोलादी बोल्ट. दोन वेगळे धातू, मध्ये खारट ओल, की झाली छोटीशी बॅटरी तयार! या बॅटरीत ॲल्युमिनियम स्वतःचा बळी देतं आणि त्याची पांढरी पूड बोल्टभोवती घट्ट जमते. मालवण, रत्नागिरी, अलिबाग, मुंबई, पणजी इथल्या गाड्यांचे कव्हर-बोल्ट सोलापुरातल्या त्याच वयाच्या गाड्यांपेक्षा जास्त का छळतात, त्याचं उत्तर या खाऱ्या हवेत आहे.

चकचकीत दिसतात म्हणून स्टेनलेसचे बोल्ट लावणाऱ्यांसाठी इथेच सांगून टाकतो: ॲल्युमिनियमच्या शेजारी स्टेनलेस बसवलं की ही बॅटरी थांबत नाही. बोल्ट चमकत राहतो, आणि आतले आटे खाल्ले जातात. लावायचेच असतील तर आट्यांना ग्रीस हवंच.

सव्वातेरा मिलिमीटरचा पाना आहे का?

बोल्टाचं डोकं गोल होण्यामागे बहुतेक वेळा गंजाचा दोष नसतो, पान्याचा असतो. आणि जुन्या बुलेटवर या पान्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास उभा असतो.

लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांनी १८००च्या सुमारास अचूक आटे पाडणारा लेथ घडवला. त्यांच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ब्रिटनमधल्या वेगवेगळ्या कारखान्यांचे बोल्ट गोळा केले, त्यांचा मध्य काढला आणि सगळ्यांसाठी एकच माप सुचवलं: आट्यांचा कोन ५५ अंश, टोकं गोलसर. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा बोल्ट त्याच कारखान्याच्या नटात बसायचा, दुसऱ्याच्या नाही. पुढे १८६४ मध्ये फिलाडेल्फियात विल्यम सेलर्स यांनी अमेरिकेसाठी ६० अंशांचा कोन मांडला. मेट्रिक आट्यांचा कोनही ६० अंशांचा.

आटे जुळले नाहीत तर काय बिघडतं? १९०४ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरला भीषण आग लागली. शेजारच्या शहरांतून बंब धावून आले, पण त्यांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांना बसेनात. पंधराशेहून जास्त इमारती जळाल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सुटे भाग एकमेकांना बसत नसल्याचा फटका मित्रराष्ट्रांनी सोसला, आणि १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी मिळून सामाईक आटे ठरवले. जागतिक मानकांची संस्था आयएसओ १९४७ मध्ये कामाला लागली, तेव्हा तिची पहिल्या क्रमांकाची समिती कशासाठी होती? स्क्रूच्या आट्यांसाठी! विमानं, रसायनं सगळी नंतर.

आता आपल्या अंगणात या. मद्रासला १९५५ मध्ये सुरू झालेल्या एन्फील्डच्या कारखान्यात बुलेट आली ती इंग्लंडमधल्या रेडिचहून, आणि येताना ब्रिटिश आटे घेऊन आली. पुढच्या काळात मेट्रिकही मिसळलं. त्यामुळे एकाच जुन्या बुलेटवर दोन-तीन घराण्यांचे बोल्ट सुखाने नांदताना दिसतात. ब्रिटिश पान्याची खोड अशी, की त्यावर लिहिलेलं माप डोक्याच्या रुंदीचं नसतं, बोल्टाच्या जाडीचं असतं. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचं तोंड भरतं सुमारे १३.३ मिलिमीटर. १३चा पाना चढत नाही, १४चा चढतो आणि सैल फिरतो. मग काय, कोपरे गेले! ३/८ व्हिटवर्थ मात्र १८ मिलिमीटरला जवळपास तंतोतंत जुळतो, तिथे १८ची गोटी, म्हणजे सॉकेट, खुशाल वापरा.

आणखी एक सापळा. ब्रिटिश सायकल-मोटरसायकलींच्या आट्यांत इंचाला २६ फेरे असतात. म्हणजे एका फेऱ्याला ०.९८ मिलिमीटर. आपल्या ६ मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टाचा फेरा १ मिलिमीटरचा. इतके जवळचे, की पाव इंची भोकात ६चा बोल्ट सुरुवातीला छान जातो. पण पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. बोल्ट बारीक पडतो, आट्यांच्या टोकांवर लटकतो, आणि आवळताच ॲल्युमिनियमचे आटे सोबत घेऊन बाहेर येतो. बुलेटचे कितीतरी ‘गेलेले आटे’ हे अशा चुकीच्या बोल्टांचं काम आहे.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात, तर भंगाराच्या ढिगात अशा इंची पान्यांकडे नजर ठेवा. मिळाला तर घासाघीस करत बसू नका, घ्या. नवा सेट त्याच्या कितीतरी पट महाग पडतो. म्हैसूरला १९९६ पर्यंत बनलेल्या जावा-येझदीवाल्यांचं नशीब यात बरं आहे. मूळ घराणं चेकोस्लोव्हाकियाचं, त्यामुळे माप पहिल्यापासून मेट्रिक.

आणि नटावर बारा कोनी रिंगऐवजी सहा कोनी गोटी लावा. बारा कोनी पाना टोकांवर जोर देतो, सहा कोनी पाना नटाच्या सपाट बाजू धरतो. गंजलेल्या नटाची टोकं हीच आधी जातात.

फुली आहे, फिलिप्स नाही

यामाहा घराण्याच्या आरडी ३५० आणि आरएक्स हंड्रेडच्या क्लच कव्हरवर फुलीचे स्क्रू असतात. दुकानातला फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण तळाशी टेकत नाही. जोर लावला की तो वर सरकतो आणि फुली चाटून काढतो. कारण हे स्क्रू जपानी मानकाचे आहेत. फुली तशीच दिसते, आतला कोन वेगळा. पुष्कळ जपानी स्क्रूंच्या डोक्यावर फुलीशेजारी एक छोटा ठिपका असतो, तीच ओळख. जपानी मानकाचा ड्रायव्हर फिलिप्सच्या स्क्रूत चालतो, उलट मात्र चालत नाही. म्हणून टूलबॉक्समध्ये एकच ठेवायचा असेल तर जपानी ठेवा.

हे स्क्रू हटून बसले की इम्पॅक्ट ड्रायव्हरसारखं दुसरं हत्यार नाही. माझं आवडतं हत्यार कोणतं, असं कोणी विचारलं तर मी डोळे मिटून हेच नाव घेईन. मागून हातोडी मारायची. आतली तिरकी खाच तो सरळ घाव वळवून फिरण्यात बदलते. त्याच क्षणी बिट फुलीत घट्ट ठोकलं जातं, धक्क्याने गंजाची पकड तडकते आणि स्क्रू फिरतो. तीन कामं, एक घाव! विजेचा नाही, बॅटरीचा नाही, किंमतही आवाक्यातली.

फुली आधीच थोडी चाटली गेली असेल तर व्हॉल्व्ह घासायची ग्राइंडिंग पेस्ट ड्रायव्हरच्या टोकाला चिमूटभर लावा. तिच्यातले खरखरीत कण बिट आणि फुली यांच्यात चावा घेतात. दोन-चार रुपयांच्या पेस्टने वाचलेले स्क्रू गॅरेजवाल्यांना विचारा.

उलटे आटे

हे लहान प्रकरण आहे, पण नुकसान मोठं करतं. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. बुलेटच्या जुन्या इंजिनात ऑइल पंप फिरवणारा वर्म क्रँकच्या टोकाला उलट्या आट्यांनीच बसतो. यामाहाच्या अनेक गाड्यांवर उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, म्हणजे आरशाला धक्का बसला की तो मोडण्याऐवजी सैल होऊन फिरतो. वेल्डिंगवाल्याच्या ॲसिटिलीनच्या नळीचा नटही उलटा, ऑक्सिजनच्या तोंडाला ती चुकून जोडली जाऊ नये म्हणून. काहीतरी फिरणारं ज्या नटाने धरलंय, तो हलत नसेल तर जोर वाढवण्याआधी मॅन्युअल उघडा.

तेल जिरू द्या

डब्ल्यूडी-४० प्रत्येक गॅरेजात आहे, पण त्याचा जन्म जाम नटांसाठी झालेला नाही! १९५३ मध्ये सॅन डिएगोतल्या रॉकेट केमिकल कंपनीने क्षेपणास्त्रांच्या पत्र्यावरून पाणी हटवण्यासाठी ते बनवलं. नावातला डब्ल्यूडी पाणी हटवण्याचा, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेला मसाला. हलका गंज असेल तर ते कामाचं आहे. हटून बसलेल्या नटासाठी खास झिरपणारं तेल घ्यावं.

झिरपण्यामागे बळ आहे केशाकर्षणाचं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तेच. तेल जितकं पातळ, तितकं ते बारीक फटीत आत जातं. जुन्या मिस्त्रींचं रॉकेल किंवा डिझेल म्हणूनच उपयोगी पडतं. परदेशातल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांत ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मं-निम्मं मिसळायची पद्धत आहे. ॲसिटोन तेलाला पातळ करून आत नेतं आणि उडून जातं, वंगण मागे राहतं. मिश्रण दर वेळी हलवून घ्यावं लागतं, कारण ते वेगळं होतं. ॲसिटोन झटकन पेटतं आणि रंगही उडवतं, तेव्हा टाकीपासून लांब ठेवा.

तेल कोणतंही असो, खरा मसाला वेळ आहे. संध्याकाळी लावा, वरून हलकेच ठोका, सकाळी पुन्हा लावा. दोन-तीन दिवस हा क्रम चालू द्या. टीव्हीवरची मंडळी फवारा मारून लगेच पाना लावतात, ते बघून शिकू नका.

ऊब द्या, मग बघा

माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत हुकमी गोष्ट उष्णता आहे, आणि तिच्यामागचं गणित फार सुंदर आहे. ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. १० मिलिमीटरच्या भोकाभोवतीचं क्रँककेस १०० अंशांनी तापवलं, तर भोक सुमारे ०.०२३ मिलिमीटरने मोठं होतं. त्यातला पोलादी बोल्ट तेवढाच तापला तरी ०.०१२नेच जाडा होतो. उरलेला फरक आहे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. ऐकायला काहीच नाही, पण क्षाराची पकड तोडायला पुरेसा!

म्हणून नियम सोपा: पोलादी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असेल तर तापवायचं ते भोवतालचं ॲल्युमिनियम. पोलादी स्टडवर पोलादी नट असेल तर फक्त नट तापवायचा, झटपट, स्टडपर्यंत ऊब पोचायच्या आत.

पण ॲल्युमिनियम कपटी आहे. लोखंड तापलं की लाल होऊन इशारा देतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि तोवर दिवसाउजेडी रंग बदलल्याचं जाणवतच नाही. गॅसची ज्योत एका जागी धरली की कव्हरचा कोपरा अचानक ओघळून खाली पडतो. त्यामुळे हीट गन वापरावी. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र करून उडाला, तर आपल्या कामापुरती ऊब आली. ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकणारे कारागीर त्यावर साबण घासून ठेवतात. साबण काळपट पडला की पत्रा मऊ झाला असं ते ओळखतात. इंजिनावर तशी खूण दिसली तर तुम्ही फार पुढे गेलात, लगेच थांबा.

तापलेल्या बोल्टाला मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं आणि तिथे वंगणाचं काम करतं. ही युक्ती मला कुठल्याही महागड्या स्प्रेपेक्षा जास्त भावते.

सायलेन्सरच्या स्टडवर हा सगळा प्रयोग हमखास करावा लागतो. तिथे रोज तापणं आणि रोज थंड होणं, वर पावसाचं पाणी. शहाणे मेकॅनिक म्हणूनच तिथे पितळी नट लावतात. पितळ गंजत नाही आणि पोलादी स्टडला चिकटून बसत नाही.

आग हाताळण्याआधी पेट्रोलची टाकी आणि कार्ब्युरेटर काढून दुसऱ्या खोलीत न्या. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत कधीच नको. क्लोरिनचे क्लीनर तापले की फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो, पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरलेला.

आधी आवळा!

सोडायच्या नटाला आधी किंचित आवळायचं, हे ऐकून नवखे हसतात. पण उद्देश पकड मोडण्याचा आहे, दिशा कोणतीही चालते. पाव फेऱ्याच्याही कमी आवळा, मग सोडा, पुन्हा आवळा, मध्येमध्ये तेल. बोल्टाच्या डोक्यावर सरळ ठोके मारले की गंजाचा थर तडकतो. ठोके बरेच आणि बेताचे हवेत.

पान्याला लोखंडी पाइप जोडून जोर वाढवण्याआधी एक आकडा लक्षात ठेवा. कव्हरच्या ६ मिलिमीटरच्या बोल्टाला सुमारे १० न्यूटन-मीटर आवळण पुरते. म्हणजे २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला ५ किलो वजनाइतका जोर. त्याच्या दीडपट-दुपटीत या बोल्टाची मान मोडते. दोन हातांनी पाइप खेचणारा माणूस त्याच्या किती पुढे असेल!

कान आणि हात उघडे ठेवा. ‘कट्’ असा कोरडा आवाज येऊन नट हलला, तर गंज तुटला. आवाज न करता बोल्ट मऊ लागत फिरतोय, तर बोल्टच पिळतोय. तिथेच थांबा, परत तेल, परत ऊब.

डोकं नसलेला स्टड काढायचा असेल तर त्यावर दोन नट चढवा, एकमेकांवर घट्ट आवळा आणि खालचा नट पान्याने सोडवा. स्टड सोबत फिरून बाहेर येतो.

मोडलाच तर

मोडला तरी इंजिन संपलं नाही. तुकडा थोडा वर आला असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करून घ्या. नवीन डोकं मिळतं आणि वेल्डिंगची ऊब आटेही सैल करते. एकाच वेळी दोन उपाय होतात, म्हणून हा सर्वांत यशस्वी.

तुकडा आत राहिला तर सेंटर पंचाची खूण अगदी मधोमध घ्या आणि उलट फिरणारं डावं ड्रिल लावा. कित्येकदा भोक पाडतानाच तुकडा बाहेर येतो. स्क्रू काढायचा उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर मात्र जपून. तो अतिशय कडक पोलादाचा असतो, आत मोडला तर साधं ड्रिल त्यावर चालत नाही.

आणि इथे येते तुरटी! दाढी केल्यावर गालाला लावतो तीच. घड्याळजी पितळी प्लेटमध्ये मोडलेला पोलादी स्क्रू काढायला ती प्लेट तुरटीच्या कडक गरम द्रावणात ठेवतात. तुरटी पोलाद हळूहळू विरघळवते, पितळ शाबूत राहतं. छोट्या ॲल्युमिनियमच्या भागात मोडलेल्या, आटे पाडायच्या टॅपसाठीही कारागीर हा उपाय करतात. अट एकच: त्या भागात वाचवायचं दुसरं पोलाद असता कामा नये.

तेही जमलं नाही तर भोसरीच्या किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांत विद्युत ठिणगीने धातू खाणारं मशीन शोधा. या तंत्राची एक पहाट नेमकी आपल्याच दुखण्यातून झाली. १९४०च्या दशकात अमेरिकेत हॅरल्ड स्टार्क, व्हिक्टर हार्डिंग आणि जॅक बीव्हर यांनी ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांत मोडलेले ड्रिल आणि टॅप काढण्यासाठीच असं यंत्र बनवलं. त्याच सुमारास सोव्हिएत संघात लाझारेन्को दांपत्य याच वाटेने चाललं होतं. आज त्या तंत्रावर साचे बनवण्याचा अख्खा उद्योग उभा आहे.

आटेच गेले असतील तर हेलिकॉइल बसवा. स्टेनलेस तारेची ही गुंडाळी १९३०च्या दशकात आली आणि दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांत रुळली. मऊ ॲल्युमिनियममध्ये ती मूळ आट्यांपेक्षाही मजबूत ठरते, कारण ती आधीपेक्षा मोठ्या भोकात, जास्त धातूवर जोर टाकते. स्पार्क प्लगच्या गेलेल्या आट्यांसाठी नवं हेड विकत घेण्याआधी हा पर्याय विचारा.

साखर कारखान्याची भेट

काढलेले मूळ नट-बोल्ट फेकू नका. उसाची मळी एक भाग आणि पाणी नऊ-दहा भाग घेऊन त्यात लोखंडी भाग बुडवून ठेवा. मळीतली द्रव्यं गंजाला पकडून विरघळवतात आणि चांगल्या लोखंडाला जवळपास हात लावत नाहीत. दोन-तीन आठवडे लागतात आणि वास येतो, पण मूळ खुणा शाबूत राहतात. पश्चिम महाराष्ट्रात मळीला काय तोटा! ॲल्युमिनियमचे भाग मात्र यात टाकू नका. धुण्याच्या सोड्यातही नकोत, सोडा ॲल्युमिनियमला खातो.

परत बसवताना

आट्यांना तांब्याचं अँटी-सीझ ग्रीस पातळ लावा. ग्रीसमुळे घर्षण घटतं, त्यामुळे नेहमीचाच जोर लावला तर बोल्ट जास्त ताणला जातो. आवळण थोडी कमी ठेवा. स्पार्क प्लग याला अपवाद आहेत. बहुतेक नव्या प्लगच्या आट्यांवर आधीच मुलामा असतो, आणि एनजीकेसारखे उत्पादक त्यावर वेगळं ग्रीस लावू नका असंच सांगतात.

सुटूच नये असा बोल्ट असेल तर लॉकटाइट. हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकवणारे रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रिबल यांनी १९५३ मध्ये ते शोधलं. ते हवा मिळेनाशी झाली की घट्ट होतं, म्हणून बाटली मुद्दाम अर्धी रिकामी असते! लाल लॉकटाइट लावलेला बोल्ट सुमारे २५० अंश ऊब दिल्याशिवाय दाद देत नाही, तेव्हा कव्हरच्या छोट्या बोल्टांना ते लावू नका. योगायोग बघा, एलन कीचे एलनसुद्धा याच हार्टफर्डचे, १९१०च्या पेटंटवाले.

घरात, गोठ्यात, जिन्याखाली कुणाची जुनी गाडी उभी असेल तर येत्या पावसाळ्याआधी एवढं कराच. इंजिन थंड असताना स्पार्क प्लग काढा, सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, किक हाताने हळूहळू फिरवून ते पसरवा आणि प्लग परत बसवा. सायलेन्सरच्या स्टडना आणि कव्हरच्या बोल्टांना झिरपणारं तेल लावा. एका रविवार सकाळचं काम आहे, आणि खर्च तेलाच्या एका डब्याचा.